देवाला ओळखणें म्हणजे काय?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशीं, संध्याकाळीं, धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पुरीं होत आहेत, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानण्यासाठीं आपण सर्व लहानथोर ह्या मंदिरांत जमलों आहों. काल संध्याकाळीं गेल्या पन्नास वर्षांचा वृत्तांत आपण ऐकला. पहिली मिस्सा कोणत्या छपराखालीं झाली, विहिरीला पाणी कसें लागलें, शाळेच्या भिंती कोणाच्या हातांनीं उभ्या राहिल्या, हें वडील मंडळींच्या तोंडून ऐकतांना पुष्कळांचे डोळे भरून आले. माझेहि आले.

ह्या महोत्सवासाठीं म्हणून मीं आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पहिल्यापासून चाळल्या. त्यांत आपणां बहुतेकांचीं नांवें आहेत. आईबापांचीं आहेत, धर्ममातापित्यांचीं आहेत. तीं वाचतां वाचतां एक प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला, आणि तो कांहीं केल्या जाईना. ज्या देवाच्या नांवानें आपला बाप्तिस्मा झाला, त्या देवाला आपण ओळखतों काय?

प्रश्न सोपा दिसतो. धर्मशिकवणीच्या वर्गांतील लहान मूलहि सांगेल कीं मनुष्य देवाला ओळखावयास, त्याजवर प्रीति करावयास व त्याची सेवा करावयास निर्माण झाला आहे. ह्या तिहींत ओळखणें हें पहिलें. पण जें आपण पहिल्या इयत्तेंत पाठ केलें, तें आपणांस समजलेंच आहे असें धरून चालणें बरें नव्हे. म्हणून पवित्र शास्त्र ह्या एका शब्दाला कोणता अर्थ देतें, तेवढेंच आज आपण पाहूं.

प्रथम आपल्या मराठी भाषेकडेच वळूं. 'माहीत असणें' आणि 'ओळखणें' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांचें नांव आपणांस माहीत असतें. म्हणून त्यांची व आपली ओळख आहे असें कोणी म्हणत नाहीं. उलट, शेजारच्या घरच्या आजीचा जन्म कोणत्या सालीं झाला हें आपणांस सांगतां येणार नाहीं. पण अंधारांत तिचा खोकला ऐकूं आला तरी ती आपण ओळखतों. शिवाय ह्या शब्दाचा आणखीहि एक प्रयोग आपल्यांत रूढ आहे. अडचणीच्या वेळीं ज्यानें हात दिला, त्याला चांगल्या दिवसांत जो विसरतो, त्याच्याविषयीं गांव म्हणतो, "त्यानें ओळख ठेवली नाहीं." उपकार करणाऱ्याचें नांव त्याला ठाऊक असतें, चेहरा ठाऊक असतो, घर ठाऊक असतें. तरीहि गांवाचें म्हणणें खरें असतें. ओळख ही नुसती असून भागत नाहीं, ती ठेवावी लागते. आणि ती ठेवली कीं नाहीं हें वागणुकीवरून दिसतें.

पवित्र शास्त्रांतील शब्द ह्याच जातीचा आहे. जुन्या करारांत त्यासाठीं 'यादा' हा इब्री शब्द नऊशेंहून अधिक वेळां आला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभीं आदाम व एवा ह्यांच्या पतिपत्नीसंबंधालाहि हाच शब्द लाविला आहे. ह्यावरून लक्षांत येईल कीं, इब्री मनुष्याच्या दृष्टीनें ओळखणें म्हणजे दुरून न्याहाळणें नव्हे. आपलें जीवन दुसऱ्याच्या जीवनाशीं बांधून घेणें, त्याला दिलेला शब्द पाळणें, त्याचें सुखदुःख तें आपलें मानणें होय.

यशया प्रवक्ता आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत एक दाखला देतो. तो शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाण ठाऊक असते. पण इस्राएल आपल्या देवाला ओळखीत नाहीं, असें तो दुःखानें म्हणतो. संध्याकाळीं जूं उतरलें कीं बैल कोणी न हांकतां आपल्या दावणीला येऊन उभा राहतो. त्यानें धन्याविषयीं कांहीं वाचलेलें नसतें. आपणांस चारा कोण घालतो आणि आपण कोणाचे, एवढेंच त्याला कळतें, आणि त्याप्रमाणें तो वागतो. नाताळांत आपण गोठा मांडतों, त्यांत बैल व गाढव ठेवतों. शुभवर्तमानांतील जन्मकथेंत त्या दोघांचा उल्लेख नाहीं. ते यशयाच्या ह्या वचनावरून तेथें आले आहेत. दरवर्षीं ते दोघे मुकेपणानें आपणांस तोच प्रश्न विचारीत असतात.

आतां निर्गमाचें पुस्तक उघडूं. मोशे व अहरोन फारोपुढें उभे राहिले आणि परमेश्वराच्या लोकांना जाऊं दे असें त्यांनीं सांगितलें. फारोनें उत्तर दिलें कीं, हा परमेश्वर कोण, त्याला आपण ओळखीत नाहीं. फारोला माहिती कमी पडत होती असा ह्याचा अर्थ नव्हे. परमेश्वराचा आपल्यावर कांहीं अधिकार आहे हें त्याला मान्य नव्हतें. आणि ह्या न ओळखण्याचें फळ काय झालें पहा. त्याच दिवशीं त्यानें मुकादमांना हुकूम केला कीं, विटा पाडणाऱ्या इस्राएली मजुरांना ह्यापुढें पेंढा देऊं नये. तो त्यांचा त्यांनीं गोळा करावा, आणि विटा मात्र पूर्वींइतक्याच भरल्या पाहिजेत.

त्याच पुस्तकाचीं ह्याच्या आधींचीं पानें पाहिलीं तर तोच 'यादा' शब्द देवाच्या बाबतींत आलेला दिसतो. दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस देव इस्राएलांचें कण्हणें ऐकतो, त्यांच्याकडे पाहतो, आणि जाणतो. तिसऱ्या अध्यायांत जळत्या झुडपांतून बोलतांना, आपल्या लोकांचें दुःख आपण जाणतों, असें तो मोशेला सांगतो. फारो देवाला ओळखीत नाहीं. देव मजुरांचें दुःख ओळखतो. माझ्या मतें ह्या दोन वाक्यांत आजच्या सर्व विषयाची किल्ली आहे. देव कोणाला ओळखतो, कोणाचें दुःख त्याला ठाऊक आहे, हें ज्याला समजलें तो देवाला ओळखूं लागला. देवाला ज्यांचें दुःख ठाऊक आहे, त्यांच्याकडे ज्यानें पाठ फिरविली, त्याला देवाविषयीं कितीहि माहिती असली तरी देवाची ओळख नाहीं.

हें केवळ फारोसारख्या परक्या राजालाच लागू आहे असें मात्र कोणी समजूं नये. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत शिलो येथील मंदिराचा वृत्तांत आहे. तेथें वृद्ध एली हा याजक होता व त्याचे दोन पुत्र हफनी आणि फिनहास हेहि याजकच होते. त्यांच्याविषयीं शास्त्र स्पष्ट सांगतें कीं ते परमेश्वराला ओळखीत नव्हते. याजक, आणि परमेश्वराला ओळखीत नाहींत! यज्ञाचा विधि त्यांना येत नव्हता काय? उत्तम येत होता. पण लोक यज्ञाचें मांस शिजवीत असतां त्यांचा चाकर त्रिशूळ घेऊन येई, तो हंड्यांत खुपसी, आणि त्याला लागून जें वर येईल तें याजकासाठीं घेऊन जाई. कोणी आधीं चरबीचा होम करूं द्या असें म्हटलें, तर बळजबरीनें घेण्याची धमकी देई. देवाची वेदी त्यांच्या हातीं होती. पण त्या वेदीपाशीं येणारा गरीब भक्त त्यांच्या दृष्टीस पडत नव्हता. मी स्वतः वेदीपाशीं उभा राहणारा मनुष्य आहें. हा अध्याय वाचतांना माझा हात थबकतो.

नुसती माहिती किती अपुरी असते ह्याचें आणखी एक उदाहरण संत मार्काच्या पहिल्या अध्यायांत आहे. कफर्णहूमच्या सभास्थानांत प्रभु येशू देवाचा पवित्र पुरुष आहे हें सर्वांच्या आधीं कोणी ओरडून सांगितलें? अशुद्ध आत्म्यानें. त्याचें ज्ञान चुकीचें नव्हतें. पण प्रभूशीं आपला संबंध नाहीं, असेंच तो त्याच श्वासांत म्हणत होता. संत याकोबहि आपल्या पत्रांत लिहितो कीं देव एक आहे असा विश्वास भुतेंहि धरतात, आणि थरथर कांपतात.

ह्यावरून बुद्धीनें होणारें ज्ञान निरर्थक आहे असा अर्थ कोणीं काढूं नये. सृष्टीवरून देवाला बुद्धीच्या प्रकाशानें निश्चितपणें जाणतां येतें, हें १८७० सालीं पहिल्या व्हॅटिकन महासभेनें शिकविलें आहे, आणि तें आपण मानतों. परंतु त्या ज्ञानाची परिणति कशांत व्हावी हेंहि ख्रिस्तसभा सांगते. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें देवाच्या प्रकटीकरणाविषयीं जी शिकवण प्रसिद्ध केली, तींत असा विचार आहे कीं देव आपल्या अपार प्रीतीनें मनुष्यांशीं मित्रांप्रमाणें बोलतो आणि त्यांना आपल्या सहवासांत बोलावितो. मित्राची माहिती काढून कोणी थांबत नाहीं; मित्राच्या घरीं आपण जातों. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्याएवढा ईश्वरज्ञानाचा पंडित ख्रिस्तसभेंत विरळा. १२७३ सालच्या ६ डिसेंबरला मिस्सा अर्पण करतांना त्यांना कांहीं विलक्षण अनुभव आला, आणि त्यानंतर त्यांनीं लेखणी खालीं ठेवली. जें दिसलें त्यापुढें आपण लिहिलेलें सारें काडीकचऱ्यासारखें वाटतें, असें त्यांनीं आपल्या सोबत्याला सांगितलें. पुढें तीनच महिन्यांनीं, १२७४ च्या मार्चांत, ते देवाघरीं गेले. त्यांचे ग्रंथ आजहि सेमिनरींत शिकविले जातात; पण ते ज्याच्याविषयीं आहेत, तो त्यांहून मोठा आहे, हें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे.

आतां प्रवक्त्यांकडे वळूं. इ. स. पूर्वी आठव्या शतकांत होशेय प्रवक्ता उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यांत उपदेश करीत होता. त्या काळीं देशांत वेद्यांची कमतरता नव्हती, बळींची नव्हती, सणांची नव्हती. तरीहि चौथ्या अध्यायाच्या आरंभीं होशेय देवाच्या वतीनें फिर्याद मांडतो कीं, देशांत सत्य नाहीं, दया नाहीं, आणि देवाची ओळख नाहीं. ती नाहीं हें त्याला कशावरून कळलें? लगेच तो यादी देतो: खोट्या शपथा, लबाडी, खून, चोरी, व्यभिचार. म्हणजे देवाची ओळख आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो मंदिरांत जात नाहीं. तो बाजारांत जातो, कचेरींत जातो, घराच्या आंत डोकावतो. पुढें सहाव्या अध्यायांत, यज्ञबलीपेक्षां आपणांस दया व देवाची ओळख आवडते, असें देवाचें म्हणणें तो कळवितो. प्रभु येशूनें हेंच वचन परूश्यांना दोनदां ऐकविलें, असें संत मत्तय सांगतो. होशेयाचें कोणीं ऐकलें नाहीं. इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्यानें शोमरोन घेतलें आणि तें राज्य बुडालें.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं यिर्मया यरुशलेमांत उभा राहिला. त्याच्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायांत दोन राजांची तुलना आहे: योशिया हा बाप, आणि यहोयाकीम हा त्याचा मुलगा. योशिया इ. स. पूर्वी ६०९ मध्यें मगिद्दो येथें लढाईंत पडला, आणि थोड्याच महिन्यांत यहोयाकीम गादीवर आला. त्यानें मोठा वाडा बांधावयास काढला. प्रशस्त माड्या, रुंद खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, आणि वर हिंगुळाचा रंग. पण ज्यांनीं घाम गाळला त्यांना त्यानें मजुरी दिली नाहीं. यिर्मया त्याला विचारतो कीं, गंधसरूच्या लांकडांत चढाओढ केल्यानें तूं राजा ठरतोस काय? तुझा बाप खात पीत होता, आणि न्यायानें वागत होता. गरीब व लाचार ह्यांची बाजू तो घेई. आणि मग देवाच्या नांवानें प्रवक्ता तो प्रश्न करतो, ज्याच्याइतका स्पष्ट खुलासा ह्या विषयावर सबंध जुन्या करारांत मला तरी सांपडत नाहीं: देवाला ओळखणें म्हणजे हेंच नव्हे काय?

देवाला ओळखल्यामुळें योशिया गरिबांना न्याय देत होता, एवढेंच तेथें म्हटलेलें नाहीं. गरिबांना न्याय देणें हेंच देवाला ओळखणें आहे, असें म्हटलें आहे.

बंधुभगिनींनो, हा भाग मीं पूर्वीं अनेकदां वाचला होता. सेमिनरींत त्यावर परीक्षा दिली होती, आणि गुणहि बरे मिळाले होते. पण तो मला समजला तो ह्या महोत्सवाच्या तयारींत. तो कसा समजला हें तुमच्यापुढें सांगणें माझें कर्तव्य आहे.

मंदिराच्या दुरुस्तीचें काम आपण गेल्या पावसाळ्यानंतर काढलें. कौलें बदललीं, भिंतींना गिलावा केला, वेदीच्या पायऱ्यांना संगमरवरी फरशी बसवावयाचें ठरलें. पैशांचा हिशोब माझ्या हातीं होता. फरशीवाल्याचे पैसे थकले तर माल अडेल, म्हणून त्याचे पैसे मीं दोन दिवस आधींच पोंचते केले. विटा व वाळू वाहणाऱ्या मजुरांचा रोज मात्र तीन आठवड्यांचा थकला होता. ते लोक बाहेरगांवचे. आपल्या धर्मग्रामांतले नव्हेत, आपल्या धर्माचेहि नव्हेत. बाजाराच्या दिवशीं दुपारीं त्यांच्यांतील एक बाई कडेवर मूल घेऊन माझ्या खोलीच्या दाराशीं आली. "फादर, आज बाजार हाय. पोरांला काय न्यावं?" एवढेंच ती म्हणाली. मी ह्याच भाषणाचें टिपण करीत बसलों होतों. मान वर न करतां मीं उत्तर दिलें, "पुढच्या शनिवारीं पाहूं, बाई." ती कांहीं बोलली नाहीं. जातांना मंदिराच्या उघड्या दारासमोर ती क्षणभर थांबली, मुलाचे हात धरून तिनें ते जोडविले, आणि निघून गेली.

माझ्या मेजावर यिर्मयाचा बाविसावा अध्याय उघडा होता. मी पुढें वाचूं लागलों, तों यहोयाकीमाचा वाडा, त्याचा हिंगुळ आणि न दिलेली मजुरी हींच वाक्यें समोर आलीं. मला पुढें वाचवेना. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत, सांगितलें आहे कीं गरजू मजूर, मग तो आपला भाऊबंद असो कीं परका असो, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं त्याला द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. मी उठलों, मुकादमाला बोलाविलें, आणि त्या सर्वांचा रोज दिवेलागणीच्या आंत चुकता केला. परंतु तोंपर्यंत बाजार उठला होता. तिचे पैसे मला देतां आले. तो बाजार मला तिला परत देतां आला नाहीं.

वेदीच्या सर्वांत वरच्या पायरीवर संगमरवर नाहीं, नुसता सिमेंटचा गिलावा आहे, हें तुम्ही पाहिलें आहे. "फादर, एवढ्यासाठीं काम अपुरें कां ठेविलें?" असें पुष्कळांनीं मला विचारलें. त्याचें कारण हें. त्या पायरीचे पैसे त्या मजुरीला गेले. पुढें पैसे जमतील तेव्हां ती पुरी होईल. तोंवर मिस्सेसाठीं रोज मला तिच्यावरच उभें राहावें लागतें, आणि तें माझ्या हिताचें आहे.

आपण ज्याला ज्युबिली म्हणतों, त्या शब्दाचें मूळ इब्री 'योबेल', म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं, सर्व देशांत शिंग फुंकावयाचें. गुलामगिरींत पडलेल्या भावाला मोकळें करावयाचें, आणि अडचणींत विकलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यावयाची, असा देवाचा नियम होता. नाझरेथच्या सभास्थानांत यशयाचा ग्रंथ हातीं घेऊन प्रभु येशूनें ज्या वर्षाची घोषणा केली, तेंहि असेंच कृपेचें वर्ष होतें. तींतील पहिली सुवार्ता गरिबांसाठीं होती. तेव्हां आपला महोत्सव किती थाटाचा झाला हें दिव्यांच्या माळांवरून ठरणार नाहीं. ह्या वर्षांत कोणाचें अडवून ठेविलेलें देणें त्याच्या हातीं गेलें, कोणत्या दोन भावांचा बांधावरचा तंटा मिटला, घरकाम करणाऱ्या मुलीला कोणीं आपल्या लेकीप्रमाणें वागविलें, कोणत्या वाड्यांतला म्हणून ज्याला आजवर मागच्या बाकावर बसविलें त्याला कोणीं आपल्या शेजारीं जागा दिली, ह्यावरून तें ठरेल.

ह्यावर कोणी म्हणेल, "फादर, असें असेल तर मिस्सा कशाला, जपमाळ कशाला? माणसांशीं नीट वागलें म्हणजे झालें." नाहीं, बंधूंनो, तसें नाहीं. प्रभु येशू शेवटच्या रात्रीं पित्याजवळ प्रार्थना करतांना सांगतो कीं, एकच खऱ्या देवाला आणि त्यानें पाठविलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणें हेंच सार्वकालिक जीवन होय. तें जीवन आपण आपल्या चांगुलपणानें कमावीत नाहीं; त्याच्या सहवासांत तें आपणांस मिळतें. फिलिप तीन वर्षें प्रभूबरोबर होता, तरी पिता दाखवा असें तो म्हणाला. इतके दिवस बरोबर राहूनहि तूं मला ओळखलें नाहींस काय, असें प्रभूनें त्याला विचारलें. अम्माऊसच्या वाटेवर दोघां शिष्यांबरोबर तो चालला, शास्त्राचा उलगडा त्यानें केला, त्यांचीं मनें पेटलीं. पण त्यांनीं त्याला ओळखलें तें भाकर मोडतांना. आणि पहा, तेंहि केव्हां? दिवस मावळला, वाटसरूनें अंधारांत पुढें जाऊं नये म्हणून त्यांनीं त्याला आग्रहानें आपल्याजवळ ठेवून घेतलें, तेव्हां. परक्याला घरांत घेणें आणि भाकर मोडणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच मेजावर झाल्या. त्यांची ताटातूट आपण करूं नये. संत योहान आपल्या पहिल्या पत्रांत सरळच लिहितो कीं, जो प्रीति करीत नाहीं त्याला देवाची ओळख झालेली नाहीं, कारण देव स्वतः प्रीति आहे.

आतां शेवटची गोष्ट. आणि जो आपल्या चुकीनें खचला आहे त्यानें ती विशेष लक्षपूर्वक ऐकावी. कैसरिया फिलिप्पीच्या प्रदेशांत, प्रभु येशू हा ख्रिस्त आहे हें पेत्रानें सर्वांच्या आधीं सांगितलें. त्याच पेत्रानें प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणांत, एका दासीसमोर, ह्या मनुष्याला आपण ओळखीत नाहीं असें शपथ वाहून सांगितलें. फारोचे शब्द, आणि पहिल्या प्रेषिताच्या तोंडीं! तेवढ्यांत कोंबडा आरवला, आणि प्रभूनें वळून त्याच्याकडे पाहिलें, असें संत लूक लिहितो. पेत्रानें ओळख टाकली; प्रभूनें टाकली नाहीं. पुढें सरोवराच्या कांठीं, माझ्यावर प्रीति करतोस काय, असें प्रभूनें त्याला तीनदां विचारलें. तेव्हां, मी तुम्हांला ओळखतों, असें म्हणण्याचें धैर्य पेत्राला झालें नाहीं. प्रभूला सर्व ठाऊक आहे, आपली प्रीतिहि त्याला ठाऊक आहे, एवढेंच तो म्हणाला. तेवढें प्रभूला पुरलें. त्यानें आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन केलीं.

संत पौलहि गलतीकरांस लिहितांना आपलें वाक्य मध्येंच सुधारतो. तुम्ही देवाला ओळखलें असें लिहून तो लगेच म्हणतो, किंवा देवानें तुम्हांला ओळखलें असें म्हणणें अधिक बरें. आणि यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायांत नव्या कराराचें जें अभिवचन आहे, त्यांत लहानापासून थोरापर्यंत सर्व देवाला ओळखतील असें सांगून त्याचें कारणहि दिलें आहे: देव त्यांच्या अपराधांची क्षमा करील. तेव्हां देवाची खरी ओळख पुष्कळ वेळां पापनिवेदनाच्या जागीं, गुडघे टेकलेले असतां होते. जो सर्व जाणतो आणि तरीहि आपणांस हांकलून देत नाहीं, तो देव कसा आहे हें तेथें कळतें. आणि ज्याला तें कळलें, त्याला दाराशीं आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहतां येतें.

म्हणून उद्यांच्या महोत्सवाच्या मिस्सेला येण्यापूर्वीं आज रात्रीं आपण प्रत्येकानें घरीं बसून तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. कोणाचें देणें माझ्याकडे अडून राहिलें आहे? कोणाची ओळख मीं टाकली आहे? आणि देवानें मला ओळखलें आहे, ह्याबद्दल मीं त्याचे आभार शेवटचे केव्हां मानले? पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर ज्या दारीं मिळेल, तेथें आज रात्रींच किंवा उद्यां पहांटे जावें. मिस्सेला दहा मिनिटें उशीर झाला तरी चालेल, मी थांबेन.

त्या बाईनें ह्या दारासमोर आपल्या मुलाचे हात जोडविले. तिनें काय मागितलें तें मला ठाऊक नाहीं. देवाला ठाऊक आहे. तोच देव आपल्या वह्यांतील प्रत्येक नांव जाणतो, आणि ज्यांचें नांव कोणत्याहि वहींत नाहीं त्यांनाहि जाणतो. पुढील पन्नास वर्षांत ह्या मंदिरांत येणाऱ्या आपल्या मुलांनातवंडांना, त्याला ओळखणाऱ्या वडिलांचें उदाहरण पाहावयास मिळो, आणि त्या शेवटच्या दिवशीं त्यानें आपणां प्रत्येकाला ओळख द्यावी, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना. पवित्र मरिया माता आपणांसाठीं विनंती करो.

आमेन.